चिंगीने सुईदोरा गिळला तेव्हा

मांजराच्या तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही, एवढं मला ऐकून माहीत होतं. का ओढायचा नाही, ते आमच्या मांजरीच्या, चिंगीच्या आजारपणात कळलं. आई उशीचा अभ्रा शिवत होती, ती दार उघडायला उठली आणि परत येईस्तोवर सुई ओवलेला दोरा गायब. चिंगी सारखी जीभ बाहेर काढत होती, लाळ गळत होती आणि ओठाच्या कोपऱ्यातून बोटभर निळा दोरा बाहेर आलेला.

डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांनी पटापट विचारलं: काय गिळलं, किती वेळ झाला, उलटी झाली का, शेवटचं कधी खाल्लं, वजन किती. मग म्हणाले, "दोरा ओढू नका, कापूही नका. खायला-प्यायला काही देऊ नका. उलटी करवायला मीठ-पाणी वगैरे तर अजिबात नको. तसंच घेऊन या." पोट रिकामं असलं तर भूल देणं कमी धोक्याचं असतं. आणि टोकदार वस्तू उलटीतून वर येताना अन्ननलिका फाडू शकते. तेच रीळ आणि तशीच एक सुई आईने सोबत दिली. त्याचा खरंच उपयोग झाला, नेमकं काय शोधायचं ते डॉक्टरांना समोरच दिसलं.

तिथे त्यांनी आधी चिंगीचं तोंड उघडलं आणि हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा वेढा बसला होता. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे एकदा अडकलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो. एक्स-रेमध्ये सुई पोटात पांढरी लख्ख दिसली. दोरा दिसला नाही, तो एक्स-रेत दिसतच नाही. सोनोग्राफीत मात्र आतडं एका जागी गोळा झालेलं दिसलं.

मला सुईची धास्ती होती, डॉक्टरांना दोऱ्याची. त्यांनी समजावलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दोऱ्याचं एक टोक जिभेला अडकलेलं, दुसरं आतड्यात पुढे चाललेलं. आतडं अन्न पुढे ढकलायला आकुंचन पावतं, पण दोरा हलत नाही, मग लेंग्याच्या नाडीवर कापड चुरगळतं तसं आतडं त्यावर चढत जातं. ताणलेला दोरा आतड्याची आतली बाजू कापतो. भोक पडलं की आतली घाण पोटात पसरते आणि जनावर दगावू शकतं. बाहेरून ओढलं तर हेच सगळं क्षणात होतं. गुदद्वारातून दोरा लोंबत असला तरी नियम तोच.

सुई नुसती पोटात असती तर एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून, निघाली असती. दोरा आतड्यात उतरला होता म्हणून ऑपरेशन ठरलं. संमतिपत्रावर सही करताना मी विचारलं, "आतड्याचा तुकडा काढावा लागेल का?" डॉक्टर म्हणाले, "उघडल्यावरच कळेल." त्यांनी खोटा धीर दिला नाही, हे मला फार बरं वाटलं. भूल दिल्यावर आधी जिभेखालचा वेढा कापला, मग पोट आणि आतडं उघडून सुई आणि दोरा काढला. आतड्याला भोक पडलेलं नव्हतं.

घरी आल्यावरचे दिवस जास्त कठीण होते. आतड्यावरचे टाके पहिल्या तीन ते पाच दिवसांत सुटण्याची भीती असते, म्हणून उलटी, ताप, मलूलपणा, पोट दुखणं यांवर लक्ष ठेवायचं होतं. मऊ खाणं थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. मांजर उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी साठते, त्यामुळे 'खाईल तेव्हा खाईल' असं म्हणून चालत नाही. आई चमच्याच्या टोकावर घास घेऊन तिच्यापुढे बसून राहायची.

फेरतपासणीला मी बाकीच्या वस्तूंबद्दलही विचारून घेतलं. मोजा वगैरे मऊ वस्तू कुत्र्याने नुकतीच गिळली असेल तर डॉक्टर कधीकधी इंजेक्शन देऊन उलटी करवतात. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर अर्ध्या तासाच्या आतही भाजल्यासारखी जखम सुरू होऊ शकते. दोन लोहचुंबक गिळले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून चिकटतात. यांत सकाळपर्यंत वाट बघायची नाही, रात्री चालू असलेला दवाखाना गाठायचा. तसा दवाखाना कुठला, तेही मी त्याच वेळी विचारून नंबर फोनमध्ये ठेवला.