कोपऱ्यातलं नाव

शनिवारी रात्री साडेआठला, जेवणं आटोपली की मी कोल्हापूरला अण्णांना एक लिंक पाठवते आणि लगेच फोन लावते. ते टॅबलेट उशीला टेकवून उभा करतात, मी इथे धायरीत लॅपटॉप उघडते, आणि एक-दोन-तीन म्हणून दोघंही एकदमच प्ले दाबतो. ॲनिमेशन, व्यंगचित्रमाला, एखादी छोटी गमतीची फिल्म, जे आठवडाभरात सापडलं असेल ते. आई गेल्यापासून एकही शनिवार चुकलेला नाही. संपलं की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुणी केलंय गं हे?"

अण्णा पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चुन्याच्या दोरीने रेघा मारायच्या, अक्षरं भरायची, मग शेड. सगळं झालं की सर्वांत बारीक ब्रश घेऊन खाली उजव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि गल्ली. ते नाव वाचूनच पुढचं गिऱ्हाईक घर शोधत यायचं. एकदा एका दुकानदाराने नवा फोन नंबर घालायला नेमका तोच कोपरा रंगवून टाकला. मी तेव्हा सातवीत होते. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत, हे मला अजून आठवतं.

म्हणून त्यांचा तो प्रश्न मी कधीच वरवर घेत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या नात्यातल्या ग्रुपवर पाऊण मिनिटाची एक क्लिप आली. काळी-पांढरी. एक माणूस खुर्चीवर बसायला जातो आणि खुर्ची बाजूला सरकते. तो पुन्हा जातो, ती पुन्हा निसटते. वर कुणीतरी एक उडतं गाणं चिकटवलेलं आणि खाली "हसून हसून पोट दुखेल". अण्णांनी ती चार वेळा पाहिली. "हे कुणातरी कसलेल्याचं काम आहे," म्हणाले, "खुर्चीला स्वभाव दिलाय बघ त्यानं. नाव कुठंय?"

नाव नव्हतं. क्लिपमधलं एक चित्र घेऊन त्यावरून शोधत गेले आणि थेट कॅनडाला पोचले. तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डाने 1957 साली काढलेली ही 'अ चेअरी टेल'. नॉर्मन मॅकलॅरन आणि क्लोद ज्युत्रा या दोघांनी केलेली. खुर्ची जिवंत केली ती एव्हलिन लॅम्बार्ट या बाईंनी. संपूर्ण फिल्म दहाएक मिनिटांची आहे आणि बोर्डाच्या स्वतःच्या साइटवर फुकट बघता येते.

शनिवारी लावली. पहिल्याच मिनिटाला अण्णा म्हणाले, "थांब थांब. सतार आहे ही!"

संगीत रविशंकरांचं, तबल्यावर चतुरलाल. खुर्ची रुसते तशी सतार रुसते, पळापळ सुरू झाली की तबला धावायला लागतो. फिल्मभर एक शब्द नाही. बोलतात ती ही दोन वाद्यं. आणि ग्रुपवर फिरणाऱ्या क्लिपमधून नेमकी तीच काढून टाकलेली! शेवटही कापलेला होता. खरी गोष्ट अशी की माणूस हरतऱ्हेने प्रयत्न करून थकतो, मग त्याच्या ध्यानात येतं, आणि तो आधी खुर्चीला आपल्या मांडीवर बसू देतो. त्यानंतर खुर्ची त्याला बसू देते. पाऊण मिनिटाच्या तुकड्यात उरली होती ती फक्त धडपड. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा लाव."

त्या दिवसापासून मी नाव सापडल्याशिवाय काहीही पुढे पाठवत नाही. करणाऱ्याचं नाव, साल, मूळ जागेची लिंक आणि मला त्यात काय आवडलं याची एक ओळ. कधी दहा मिनिटं लागतात, कधी अख्खी संध्याकाळ जाते.

नावं शोधताना कधी कधी आपल्याच गल्लीत येऊन पोचायला होतं. 'एक अनेक और एकता' आमच्या पिढीला दूरदर्शनमुळे पाठ आहे. जाळ्यासकट उडणारे पक्षी, जाळं कुरतडणारे उंदीर. पण 1974 च्या त्या फिल्म्स डिव्हिजनच्या चित्रपटाची नावं मी कधी वाचलीच नव्हती. विजया मुळे, भीमसैन, गाणारी मुलगी साधना सरगम, आणि संगीत वसंत देसाई. शेवटच्या नावाला अण्णांनी टॅबलेट जवळ ओढला. "प्रभातचे वसंत देसाई? ते तर इथंच, कोल्हापुरात सुरुवात केलेले!" पुढचा अर्धा तास फोनवर प्रभातच होती.

अण्णांना सगळ्यांत आवडलेली गोष्ट मात्र अगदी साध्या काड्यांच्या माणसांची आहे. 'एक्सकेसीडी' या नावाने रँडल मन्रो व्यंगचित्रं काढतो. 2013 च्या मार्चमध्ये त्याने 'टाइम' नावाचं एक चित्र टाकलं: समुद्रकिनारा आणि दोन माणसं. अर्ध्या तासाने चित्र किंचित बदललं, पुन्हा अर्ध्या तासाने पुन्हा. नंतर तासातासाने. ती दोघं वाळूचा किल्ला बांधत होती. चार महिने हे चाललं, एकूण 3,099 चित्रं झाली. किनाऱ्याचं पाणी का वाढतंय हे बघायला ती दोघं निघतात आणि गोष्ट उलगडत जाते. रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांच्या जागा मोजून वाचकांनी ओळखलं, की हा काळ आजपासून हजारो वर्षं पुढचा आहे. "तारेसुद्धा मापात काढले?" अण्णांनी दोनदा विचारलं. 2014 साली त्याला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आणि मन्रोने आपली चित्रं वाटायला मोकळी ठेवली आहेत, धंद्यासाठी वापरायची नाहीत आणि मूळ कुठलं ते सांगायचं, एवढीच अट. अण्णांना ही अट फार पटली.

ॲलन बेकरच्या 'ॲनिमेशन व्हर्सेस मॅथ' या गणितावरच्या ॲनिमेशन फिल्मवर वेगळं लिहायला हवं. माझ्या नववीतल्या भाच्याने ती स्वतःहून सलग तीनदा पाहिली, एक बरोबर एकपासून थेट ऑयलरच्या सूत्रापर्यंत, तेही एकही शब्द नसताना.

गेल्या शनिवारी उलटंच झालं. साडेआठ वाजायच्या आधीच अण्णांकडून एक क्लिप आली. खतावणीच्या वहीच्या कोपऱ्यात पेनाने काढलेला कावळा. पानं फरफर उलटली की तो मडक्यात खडे टाकतो आणि शेवटच्या पानावर मडकंच कलंडतं. अकरा सेकंदांची. सोबत एका बोटाने टाइप केलेला निरोप: "हात चांगला आहे. नाव मिळेना. तू बघ."

मी चार दिवस शोधते आहे. शेवटच्या पानावर उजवीकडे खाली एका अक्षराची फक्त वेलांटी दिसते, बाकीचं नाव क्लिप कापताना गेलंय. अक्षर देवनागरी आहे, म्हणजे करणारा आपल्याच आसपासचा असणार. तुमच्याकडे ही क्लिप न कापलेली आली असेल तर मला जरूर कळवा. मी अण्णांना शनिवारपर्यंतची मुदत मागितली आहे.