गोडाऊनातून मागवतो

दहावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत मामानं मला दुकानात बसवलं. पुण्यात आप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांची जी रांग लागते, तिच्यात त्याचं आठ फुटांचं दुकान होतं. आत मामा, बाहेर फळीवर वह्यांचे गठ्ठे, आणि मधे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. ती मला मिळाली. पहिल्याच दिवशी सूचना झाल्या. सुतळी कापायची नाही, गाठ सोडवून गुंडाळून ठेवायची. गिऱ्हाईक असताना चहा प्यायचा नाही. आणि ‘गोडाऊनला जा’ म्हटलं की मागच्या बोळानं जायचं, पुढून नाही.

पुढून का नाही, ते विचारायची सोय नव्हती. गोडाऊन म्हणजे कुठल्या तरी वाड्यातली अंधारी खोली असणार, उंदीर-वाळवी वगैरे, असं मी धरून चाललो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक बाई सातवीचा संच घ्यायला आल्या. सगळं निघालं, भूगोल निघेना. मामा म्हणाला, “बसा ताई, दोन मिनिटं. गोडाऊनातून मागवतो.” आणि माझ्याकडे न बघता, “जा रे.” वाट दाखवायला दुकानातला जुना माणूस बरोबर आला. बोळातून एका वाड्याच्या चौकात, तिथल्या ओल्या नळकोंडाळ्याला वळसा घालून पलीकडे, रस्ता बराच पुढे जाऊन ओलांडायचा आणि समोरच्या अंगाच्या बोळानं पुन्हा मागं यायचं. एका मागच्या दारात आम्ही थांबलो. आतून आवाज आला, “किती?” “सातवी भूगोल, एक.” पुस्तक आलं, एका लांबट वहीत नोंद झाली. दाराच्या फटीतून मला रस्त्यापलीकडे एक ओळखीची पाटी दिसली. आमचीच.

गोडाऊन म्हणजे आमच्या बरोबर समोरचं दुकान होतं. पुढून गेलो असतो तर पंधरा पावलं.

परत आल्यावर मामानं त्या कोऱ्या करकरीत पुस्तकावर फडकं मारलं. गोडाऊनातून आलेल्या मालावर धूळ असायला हवी ना! बाईंनी पैसे दिले आणि गेल्या. पुढच्या तासाभरात त्याच वाटेनं समोरच्यांचा पोऱ्या आमच्या मागच्या दाराशी आला. त्यांच्याकडे पाचवीचं गणित संपलं होतं. त्यांचं गोडाऊन आम्ही होतो.

महिनाअखेरीला दोन्हीकडच्या लांबट वह्या घेऊन मी आणि तो पोऱ्या त्या नळकोंडाळ्याच्या कट्ट्यावर बसायचो आणि टिपणं जुळवायचो. कमिशन अर्धं-अर्धं. मालक मात्र एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. बोलत नसत, एवढंच.

ह्या लपाछपीत एक गंमत आहे. शाळेची पुस्तकं बालभारतीची. १९६७ साली मंडळ निघालं तेव्हापासून किंमत पुस्तकावर छापलेली, ती रांगेतल्या पहिल्या दुकानात जेवढी तेवढीच शेवटच्या. मग त्या बाईंना सरळ ‘समोर मिळेल’ म्हटलं असतं तर बिघडलं काय असतं? मी एकदा विचारलंही. मामा म्हणाला, “भूगोलात काय मिळतं रे? चार आणे. मिळतं ते वह्यांत, कव्हरात, कंपासपेटीत. आज ती भूगोलाला समोर गेली की पुढच्या जूनला वह्यांनाही समोरच जाणार.” ह्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, पण मामासमोर ते टिकलं असतं असं वाटत नाही.

समोरच्यांचं नाव मामाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ‘समोरचे.’ फार तर ‘ते’. पूर्वीच्या बायका नवऱ्याचा उल्लेख करायच्या ना, ‘हे’, ‘अहो’, ‘बंडूचे वडील’, अगदी तसं. नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही कुणी दार अडवलं तर. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकानदार तर ह्या बाबतीत फारच जपून: रात्री शटर ओढताना दुकान ‘बंद करतो’ म्हणणार नाही, ‘वाढवतो’ म्हणेल. नाव घेतलं की ती गोष्ट दारात येऊन उभी राहते, ही आपली जुनी भीती. प्रतिस्पर्धी त्याच यादीतला.

आणि तरी पुण्यात प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख केल्यावाचून कुणाला राहवत नाही. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी काय आहे? ती शाखेबद्दल नाहीच. कुठल्या तरी पेठेत कुणी तरी आपल्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून बसलाय, त्याच्याबद्दल आहे. नाव न घेता, ठळक अक्षरांत. ती पाटी वाचून बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, “म्हणजे दुसरं दुकानही आहे का?” फुकटची जाहिरात झाली की नाही त्याची!

टीव्हीवरच्या साबणांचं असंच चालतं. एका हातात आपली वडी, दुसऱ्या हातात ‘साधा साबण’, ज्याचं वेष्टण मुद्दाम पुसट केलेलं असतं, पण रंग असा की घरातलं शेंबडं पोरही नाव सांगेल. २०१० साली रिननं ही पुसट करण्याची तसदीही घेतली नाही, टाइडचं नाव सरळ घेतलं. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेलं आणि जाहिरात थांबवावी लागली. कायद्याचं म्हणणं साधारण असं की आपला माल जगात भारी म्हणा, तुलना करा, नावही घ्या. पण दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवू नका. नाव घेणं आणि नावं ठेवणं, मराठीत एका अनुस्वाराचा फरक.

ह्या बाबतीत आपले जुने लोक जास्त मोकळे होते. केसरी १८८१ साली निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. पुढं टिळकांशी पटेना म्हणून ते बाहेर पडले आणि १८८८ साली सुधारक काढला. एकाच गावात दोन पत्रं, एकेकाळचे मित्र, आणि एकमेकांची नावं घेऊन कडाडून वाद. केसरीच्या वाचकाला सुधारक काय म्हणतो ते केसरीतच कळायचं. आता बघा: एखादी मोठी बातमी दुसऱ्या पेपरानं आधी फोडली असली की आपल्याकडे येतं, ‘एका दैनिकाने दिलेल्या वृत्तानुसार’. एका! जणू महाराष्ट्रात दैनिकं मोजायला माणसं लावावी लागतात.

असो. दुकानदारानं नाव घ्यावं की नाही हा एक भाग. गिऱ्हाइकानं घेतलं तर काय, हा खरा अवघड भाग, कारण तिथं मामाचं काही चालत नसे. एक आजीबाई दर जूनला नातवंडांच्या याद्या घेऊन यायच्या. पहिल्या वर्षी मी मागच्या दारानं निघालो, तर त्या स्टुलावर बसल्या जागी म्हणाल्या, “अहो, त्या मुलाला कशाला एवढा वळसा? गोडाऊन म्हणजे समोरचंच ना? मीच जाऊन येते, तुम्ही वह्या बांधून ठेवा.” दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. मामा कानापर्यंत लाल झाला. आजी गेल्या, पुस्तक घेऊन आल्या, वह्या आमच्याकडूनच घेतल्या, आणि जाताना मोठ्यांदा म्हणाल्या, “त्यांची कव्हरं जाड आहेत हो, पुढच्या वेळी तशी मागवा.”

त्या गेल्यावर मामाची तणतण ऐकण्यासारखी होती. “भाडं मी भरायचं. पंखा माझा, विजेचं बिल माझं, माठातलं पाणी माझं. आणि माझ्या पंख्याखाली बसून, माझं पाणी पिऊन, त्यांच्या कव्हरांचं कौतुक!” ह्यात खोटं एक अक्षर नाही. लक्ष्मी रोडला साड्यांच्या गादीवर बसून माझी आत्या “कालच्या दुकानात पोत ह्याहून बरा होता” म्हणते, तेव्हा तिसाव्या साडीची घडी मोडणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मी बघितलाय. तो हसतो. त्या हसण्याचा पगार त्याला वेगळा मिळायला हवा.

पण पुढच्या जूनला मामाकडे जाड कव्हरं होती.

मला वाटतं, आजीबाईंना बोलू द्यायलाच हवं, आणि ते काही उदारपणा म्हणून नव्हे. ‘आप्पा बळवंतला जाऊन येतो’ असं पुण्यातला माणूस म्हणतो. अमक्या दुकानात जातो असं सहसा म्हणत नाही. पेशवाईतल्या ज्या सरदार मेहेंदळ्यांच्या वाड्यावरून चौकाला हे नाव पडलं, त्यांनी इथं गाईडं विकली नव्हती. ते नाव पुस्तकांना चिकटलं ते दुकानं एकमेकांना चिकटून उभी राहिली म्हणून. वायर हवी तर तपकीर गल्ली, कागद-पुठ्ठा हवा तर बोहरी आळी. विक्रेते एकमेकांच्या उरावर येऊन का बसतात ह्याचं गणित हॅरॉल्ड हॉटेलिंग ह्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९२९ साली मांडलं होतं. पण गिऱ्हाईक तिथं का येतं हे त्या आजींना जास्त कळत होतं: इथं नाही मिळालं तर समोर मिळेल. हा ‘समोर मिळेल’ काढून टाका, मग आमच्या आठ फुटी दुकानासाठी कोथरूडहून बस बदलून कोण येणार होतं?

बोलू द्यायचं, म्हणजे कुणालाही काहीही नव्हे. एका वर्षी रांगेच्या टोकाला एक नवं दुकान निघालं. त्यांनी ऐन जूनमध्ये एक पोरगं आमच्या पायरीवर उभं केलं. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचं, “मावशी, इथं नको, आमच्याकडे वह्यांवर वीस टक्के.” सकाळी तासभर मामानं बघून घेतलं. मग खाली उतरला. मला वाटलं आता कानफटात बसणार. मामा म्हणाला, “बाळ, आत ये. एक शंभर पानी दुरेघी घे, पैसे दे, गिऱ्हाईक हो. मग पंख्याखाली बस आणि तुमच्या दुकानाबद्दल काय सांगायचं ते दिवसभर सांग. पायरीवरून नाही.”

पोरगं काही आत आलं नाही. थोड्या वेळानं दिसलं ते रस्त्यापलीकडे, समोरच्यांच्या पायरीवर. तेच वाक्य, तेच वीस टक्के. समोरचे आत पाठमोरे, फळीवरून काही तरी काढत होते, त्यांना पत्ताच नव्हता. मामा दोन मिनिटं चुळबुळला. मग मला म्हणाला, “जा, त्यांना सांगून ये.” मी सवयीनं मागच्या दाराकडे वळलो.

“पुढून जा,” मामा म्हणाला.

आता दुकान मामेभाऊ चालवतो. त्याचं गोडाऊन खरोखरीचं आहे, नऱ्ह्याला. त्याच्या फळीशी येऊन माणसं मोबाईल काढतात आणि अॅमेझॉनचा भाव त्याच्या नाकासमोर धरतात. ह्या समोरच्याचं दुकान दिसत नाही, पायरी नाही, मागचं दार नाही, महिनाअखेरीला हिशेबाला कट्ट्यावर कुणी येत नाही. मध्यंतरी भावानं वैतागून पाटी लावली: ‘येथे मोबाईलमधील भाव दाखवू नयेत. मोबाईलमधील पुस्तक मोबाईलमध्येच वाचावे.’ लोक पाटीचे फोटो काढायला यायला लागले आणि पुस्तक न घेताच जायला लागले, तेव्हा त्यानं ती उतरवली. हल्ली कुणी फोन पुढं केला तर तो चष्मा लावून नीट वाचतो आणि म्हणतो, “कधी येणार लिहिलंय? गुरुवारी? परीक्षा कधी आहे?” पुष्कळदा परीक्षा बुधवारी असते. नसली तर तो म्हणतो, “मग तिकडूनच घ्या.” मामानं हे ऐकलं की तो काही बोलत नाही, पेपर उलटतो.

समोरचं दुकान चार वर्षांपूर्वी गेलं. मुलं बाहेर, चालवायला कुणी नाही. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. शेवटच्या दिवशी मामा दुपारी जेवायला घरी आला नाही. रात्री आला, हातपाय धुतले, पाटावर बसला. मामी आमटी वाढत होती. मामानं भातात खड्डा केला आणि एक नाव घेतलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, लग्नपत्रिकेत छापतात तसं सबंध. “ह्यांनी आज दुकान बंद केलं.” वाढवलं म्हणाला नाही.

“कोण हो हे?” मामीनं विचारलं.

“समोरचे.”