जुन्या लष्करी रायफलची मागची साईट ढिली: आधी हलतंय काय ते शोधा

मागची साईट, म्हणजे रायफलीवर मागे बसवलेला नेम धरायचा भाग, हलायला लागली की लोक लगेच हातोडी उचलतात. पिनेच्या टोकावर दोन ठोके, नाहीतर साईटच्या कानांना (ज्या दोन उभ्या भिंतींमध्ये साईट बसते) व्हाइसमध्ये थोडा दाब. साईट आठवडाभर घट्ट वाटते आणि मग पहिल्यापेक्षा जास्त हलते, कारण ढिला सांधा भलताच असतो.

थोडा ढिलेपणा किती महाग पडतो ते आधी पाहू. माउझर ९८के या जर्मन रायफलीवर पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर साधारण ५०० मिमी आहे. मागची साईट ०.१ मिमी हलली तर १०० मीटरवर गोळी २० मिमी सरकते. ली-एनफिल्ड नंबर ४ या ब्रिटिश रायफलीवर हेच अंतर सुमारे ७३० मिमी असल्यामुळे तेवढ्याच ढिलेपणाला जवळपास १४ मिमी. ०.१ मिमी म्हणजे साध्या कागदाची जाडी.

बोल्ट आणि मॅगझिन काढा. चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे हे उजेडात डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग साईटच्या प्रत्येक जोडावर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा आणि लीफ (साईटची वर-खाली होणारी पट्टी) अंगठ्याने हळूहळू हलवा. जो जोड खरोखर हलतो तिथलं तेल आत-बाहेर होतं, बारीक बुडबुडे येतात. लीफची पिन, तिच्यावर सरकणारा स्लाइडर आणि साईटचा बेस (बैठक) जिथे नळीवर बसतो ती कड, तिन्ही ठिकाणी हे बघा. दोषी सांधा यातच सापडतो.

नंबर ४ वर बऱ्याचदा काही झिजलेलंच नसतं. साईटच्या बुडाला खालून एक दट्ट्या स्प्रिंगने दाबत असतो आणि साईट उभी किंवा आडवी टिकते ती त्याच्याच जोरावर. वर्षानुवर्षं साठवणीत पडलेल्या रायफलीत गोठलेल्या ग्रीसमुळे हा दट्ट्या खालीच अडकून बसतो. आधी आडवी बारीक फिक्सिंग पिन काढा, मग मुख्य पिन बाहेर सरकवताना साईट अंगठ्याने दाबून धरा. नाहीतर दट्ट्या उडून कोपऱ्यात जाईल. दट्ट्या, स्प्रिंग आणि भोक रॉकेलने धुवा. तरीही साईट लटकत असेल तर स्प्रिंग बदला. जुनी स्प्रिंग ताणून लांब करू नका, तिचा जोर टिकत नाही.

पिन झिजली असेल तर मायक्रोमीटरने तिचा मधला भाग आणि टोकं दोन्ही मोजा. मध्ये खाच पडली असेल आणि भोकं गोल असतील, तर नवी पिन पुरे. भोकं अंडाकृती झाली असतील तर नेहमीच्या मापाची नवी पिनही हलणारच. तेव्हा कान आणि लीफ एकत्र धरून भोकं रीमरने किंचित मोठी करायची आणि सिल्व्हर स्टीलची पिन ०.०१ ते ०.०२ मिमी मोकळीक ठेवून बनवायची. लीफ नुसती डावी-उजवीकडे सरकत असेल तर कान आणि लीफ यांच्यात ०.०५ मिमीची स्टीलची शिम (पातळ चकती) घाला. कान दाबून जवळ आणू नका. नंबर ४ वर ते बॉडीचाच (रायफलीच्या मुख्य सांगाड्याचाच) भाग आहेत; एकदा चिरले की दुरुस्ती राहत नाही.

खरं अवघड काम बेसचं. माउझरवर बेस नळीवर नळकांड्यासारखा चढवून मऊ डाख दिलेला असतो. डाख सुटण्याचं एक मोठं कारण म्हणजे नंतर केलेलं गरम ब्लूइंग (पोलादाला निळा-काळा रंग चढवण्याची प्रक्रिया). १४० अंशांच्या आसपासचं कॉस्टिक द्रावण कथील-शिशाचा डाख खातं, आणि फटीत राहिलेलं मीठ पुढे आतून गंज धरवतं. अशा बेसला वरून डाख भरून उपयोग नाही, तो पूर्ण काढावा लागतो.

लाकूड, लीफ, तिची पट्टी-स्प्रिंग आणि पुढची साईट उतरवा. बेसच्या कडेने नळीवर सुईने एक बारीक रेघ ओढा, हीच परत बसवतानाची खूण. बेसला स्क्रू असेल तर तो काढा, मग बेस सगळीकडून सारखा तापवून नळीच्या तोंडाकडे सरकवा. ६०/४० डाख (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १९० अंशांच्या आत वितळतो. पोलादावर निळा रंग ३०० च्या जवळपास येतो, म्हणजे रंग दिसला तर तुम्ही फार पुढे गेलात. पितळी झाळ तर अजिबात नको. तिला ९०० अंशांच्या आसपासची उष्णता लागते आणि नळीचं पोलाद बिघडतं.

दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करून डाखाचा पातळ थर चढवा. बेसच्या बाहेरच्या नळीवर मऊ पेन्सिल घासली की डाख तिथे चिकटत नाही. नळीचं तोंड बंद करा, फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावतात ते रसायन) आत जाऊ देऊ नका. बॉडीचा सपाट तळ आधाराला धरून बेस लेव्हल करा, रेघ जुळवा, मग खालून तापवा. डाख कडेने चमकत बाहेर आला की ज्योत काढा आणि पूर्ण गोठेपर्यंत हात लावू नका. शेवटी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने फ्लक्स धुऊन लगेच तेल लावा. राहिलेला फ्लक्स ब्लूइंग खातो.

डाखाऐवजी लॉक्टाइट ६३८ (धातूचे भाग चिकटवणारं रसायन) वापरणारेही आहेत. ते ०.२५ मिमीपर्यंतची फट भरतं, पण १८० अंशांच्या पुढे भरवशाचं नाही. मला बेससाठी डाखच पटतो. लॉक्टाइट २४३ मात्र स्क्रूसाठी उत्तम, एक थेंब पुरतो.

माउझरच्या लीफवर आणि स्लाइडरवर रायफलच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात. बदललेला जुना भाग फेकू नका, पुडीत बांधून रायफलसोबत ठेवा.

दहा गोळ्या झाडल्यावर भिंगातून ती रेघ पुन्हा बघा. बेस जागचा हलला नसेल तरच पुढची साईट सरकवून नेम जुळवायला घ्या.