विजापूर: गोलघुमटाच्या पुढेही जा

आपल्याकडची बहुतेक मंडळी विजापूरला जाऊन काय करतात? गोलघुमट चढतात, वर प्रतिध्वनी ऐकायला टाळ्या वाजवतात, आरोळ्या ठोकतात आणि संध्याकाळी सोलापूरला परततात. कागदोपत्री आता विजयपुरा झालेलं हे गाव सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर निघालात तर दिवस पुरतो, पण मुक्काम केलात तर उत्तम.

गोलघुमटाला दार उघडताच पोचा, कारण शाळांच्या सहली आल्या की वरच्या सज्जात उभं राहवत नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांचे जिने अरुंद आणि पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबलेलं बरं. तसं खालीही पाहण्यासारखं भरपूर आहे. मान वर करा. एकमेकांना छेदणाऱ्या कमानींमुळे चौकोनी दालनाचा आधी अष्टकोन आणि मग वर्तुळ होतं, त्यावर आतून सुमारे 38 मीटर व्यासाचा घुमट बसवलाय. मधे एकही खांब नाही. 1656 मध्ये पुरी झालेली ही महंमद आदिलशहाची कबर. लाकडी छत्रीखाली दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खरं दफन खाली तळघरात आहे. आपल्याकडे कबरी दक्षिणोत्तर असतात, म्हणजे उजव्या कुशीवर ठेवलेल्या मृताचं तोंड पश्चिमेला, मक्केच्या दिशेला राहतं. हे कळल्यावर वरच्या आरोळ्या मला जरा खटकायलाच लागल्या. समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे, पण ते शुक्रवारी बंद असतं.

जामा मशिदीतही शुक्रवारी दुपारी जाऊ नका, तिथे आजही नमाज होते. एरवी डोकं झाकून, खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घालून खुशाल जा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हात अंगणाची फरशी चांगलीच तापते, तेव्हा मोजे जवळ ठेवा. तालिकोटच्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाने ही मशीद बांधायला घेतली, पण ती पुरी झालीच नाही. आत पांढऱ्या, साध्या कमानींची रांग आहे. जमिनीवर काळ्या रेघांनी आखलेले मुसल्ले आहेत, एकेका माणसापुरती एकेक चौकट, एकूण सव्वादोन हजारांच्या आसपास. वजीर असो की भिस्ती, जागा तेवढीच. सगळी श्रीमंती एकाच ठिकाणी, पश्चिम भिंतीतल्या सोनेरी, रंगीत मिहराबवर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर. तिच्यावर बऱ्याचदा पडदा असतो, देखरेख करणाऱ्यांना अदबीने विचारा.

इब्राहिम रोजा मात्र दुपार कलल्यावरच पाहा आणि घाई करू नका. एकाच चौथऱ्यावर पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद आणि मधे हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर. याच राजाने ‘किताब-ए-नवरस’ या आपल्या गीतसंग्रहात सरस्वतीला वंदन केलंय. अफझलखानापलीकडची आदिलशाही आपल्याला फारशी शिकवलीच गेली नाही, त्यामुळे हा माणूस मराठी वाचकाला चकित करतो.

कबरीच्या बाहेरच्या भिंतींवर अक्षरंच अक्षरं कोरली आहेत. इबादतीच्या जागी माणसाप्राण्यांची चित्रं टाळायची, म्हणून कारागिरांचा सारा जीव अक्षरात, वेलबुट्टीत आणि भूमितीत उतरला. दारांवरच्या जाळ्या जवळून बघा. त्यांत नक्षी म्हणून जे आहे ती दगड आरपार कापून घडवलेली अरबी अक्षरं आहेत, आणि आत येणारा उजेड त्यांच्या फटींतूनच येतो. वाचता येत नसलं तरी पाच मिनिटं आत उभे राहा, डोळे सरावले की अक्षरं सुटी दिसायला लागतात. समोरच्या मशिदीच्या छज्ज्याखाली लोंबणाऱ्या दगडी साखळ्याही चुकवू नका. अखंड दगडातून कोरलेल्या कड्या आहेत त्या.

रिक्षा ठरवताना इब्राहिम रोजाला थांबायची बोली आधीच करा, तो गावाच्या पश्चिम टोकाला आहे आणि परतीला रिक्षा पटकन मिळत नाही. जेवायला खानावळीत कडक ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी मागा. दुपारी उशीर केलात तर भाकरी संपलेली असते.