घोडबंदर रोड सायकलवर : गायमुखचा घाट पहाटे करू नका

"पहाटे पाचला निघ, रस्ता मोकळा असतो." चार जणांनी मला हेच सांगितलं आणि चौघांचंही चुकलं. दिवसा अवजड वाहनांवर वेळेची बंधनं असतात, त्यामुळे जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारे बरेचसे कंटेनर रात्री आणि पहाटे ठाण्याच्या या घोडबंदर रोडवरून जातात. म्हणजे मी नेमका त्यांच्या वेळेला तिथे गेलो.

कापूरबावडी ते कासारवडवली सोपं आहे. मेट्रो 4 चे खांब सोबत असतात. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ या तिन्ही ठिकाणी उड्डाणपुलावर चढू नका, खालून जा.

खरा प्रश्न गायमुखनंतर सुरू होतो. रस्ता आवळत जातो. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडीकडचा उतार आणि सायकलला कडेची जागा जवळजवळ नाहीच. अवजड चाकांनी डांबर दाबून त्याच्या लाटा झाल्या आहेत. खड्ड्यांत बसवलेले पेव्हर ब्लॉक निसटलेत. एक आडवा पडला होता, माझं पुढचं चाक त्याच्या कडेवर चढलं आणि हँडल सरळ रस्त्याच्या मधोमध वळलं. मागच्या कंटेनरवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. त्याचं टायर माझ्या अगदी जवळ आलं होतं. पुढे चढावर एक ट्रेलर बंद पडला होता, मागच्या चाकांना दगड लावलेले. त्याला वळसा घालायचा म्हणजे वाहत्या रांगेत शिरायचं. मी उतरलो आणि सायकल हातात धरून चालत गेलो. तुम्हीही तेच करा, त्यात कमीपणा नाही.

माझं स्पष्ट मत : पावसाळ्यात हा घाट सायकलवर करूच नये. पाण्याखाली खड्डा दिसत नाही. बाकी महिन्यांत रविवारी, चांगलं उजाडल्यावर निघा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. गिअर चढ लागायच्या आधीच हलका करा, चढावर चेन उतरली तर थांबायला जागा नाही. बारीक टायरची रोड बाईक घरी ठेवा. घाटानंतर चेणे गावाकडच्या उतारावर वेग घेण्याचा मोह होतो, तो आवरा. तिथेही डांबराची तीच अवस्था आहे.

वरसावे नाक्याजवळून घोडबंदर गावात वळलं की किल्ला. पोर्तुगिजांचा हा किल्ला 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतला. बुरुजावर पोचलो तेव्हा हात अजून थरथरत होते, पण समोर वसईची खाडी उन्हात पसरलेली पाहिली आणि अर्धा तास जागचा हललो नाही. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

परतताना मात्र घाट पुन्हा केला नाही. टेम्पोत सायकल टाकून ठाण्याला आलो. पैसे आधी ठरवून घ्या. मी ठरवले नाहीत आणि उतरताना दुप्पट मोजले.