रिकाम्या इमारतीतली पायवाट

त्या बंद गोदामाची पाहणी करून चार महिने झाले, तरी तिथली फरशी डोळ्यांसमोरून हलत नाही.

तीन मजली इमारत. बाहेर चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, आत काँक्रीटचे खांब. मालकांना तिथे ग्रंथालय आणि वर छोटी कार्यालयं हवी होती. आमच्याआधी एका सल्लागाराने नुसते फोटो बघून ‘धोकादायक, पाडावी’ असा अहवाल दिलेला. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. ‘पाडा’ म्हणणाऱ्याला पुढे कुणी जाब विचारत नाही, ‘ठेवा’ म्हणणाऱ्याच्या डोक्यावर मात्र कायमची टांगती तलवार.

म्हणून आम्ही सकाळपासून खांबच तपासले. चांगलं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, तसतसं हे कवच बाहेरून आत संपत जातं. कुठवर संपलं ते पाहायला खांबाचा कोपरा छन्नीने फोडायचा, धूळ झटकायची आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारायचं. कवच संपलेला भाग तसाच राहतो, शाबूत भाग गुलाबी होतो. पहिल्या खांबाला कडेचे 15 मिमी काहीच रंग आला नाही, आणि त्याच्या आत एकदम गर्द गुलाबी! सळई होती 40 मिमी आत. मी ते काँक्रीट हाताने चाचपून पाहिलं, इतका आनंद झाला.

24 पैकी 22 खांब असेच ठणठणीत निघाले. उरलेले दोन पावसाच्या पाण्याच्या पाइपाशेजारचे. पाइप तुंबलेला, सगळं पाणी खांबावर. तिथली सळई गंजून फुगली होती आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटले होते. अहवालातले फोटो नेमके याच दोन खांबांचे. एका तुंबलेल्या पाइपापायी अख्खी इमारत जाणार होती. भिंतींचंही तसंच. चुन्याच्या भिंतीवर नंतर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला, त्यामुळे ओल आत कोंडून विटांना लोणा लागला होता. गिलावा काढा, भिंत वाळू द्या, पुन्हा चुन्याचाच करा. एवढंच औषध.

संध्याकाळी तळमजल्यावर सामान आवरत होते. सगळीकडे बोटभर धूळ, पण मागच्या दारापासून पुढच्या मोडक्या शटरपर्यंत फरशीचा एक पट्टा लख्ख. त्यावरून दप्तरं घेतलेली मुलं गेली, मग दोन बायका. मागच्या वस्तीतून बसस्टॉपला जायचा हाच जवळचा रस्ता होता. काठी टेकत आलेले एक आजोबा थांबले.

“पाडणार का हे, मॅडम?”

“नाही आजोबा, वाचवतोय.”

“मग रस्ता राहील ना?”

माझ्या हातात नकाशा होता. त्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध मीच लिफ्ट आणि जिना काढला होता. नकाशाच्या कोपऱ्यात ‘सद्यस्थिती: रिकामी’ असं लिहिलेलं.

ब्राझीलमधल्या साओ पावलोत पिंपांच्या बंद कारखान्याचं काम वास्तुरचनाकार लीना बो बार्दीकडे आलं, तेव्हा तिने आधी तिथे वावरणारी माणसं पाहिली. कारखाना ठेवला, आतली गल्ली लोकांसाठी खुली ठेवली. 1982 मध्ये तिथे सेस्क पोम्पेया हे सांस्कृतिक केंद्र सुरू झालं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे. तरी मोजमाप घेताना मी खांब मोजले, माणसं मोजली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी जिना पश्चिमेला सरकवला. दोन खोल्या गेल्या, मालक कुरकुरत तयार झाले. पण सुरक्षेसाठी दोन्ही टोकांना दारं हवीतच, म्हणाले. ग्रंथालय उघडलं की दारंही उघडतील.

ग्रंथालय 10 वाजता उघडणार आहे. स्टॉपवर जाऊन वेळापत्रक पाहिलं. पहिली बस पहाटे 5:30 ची.