दोरा ओवलेल्या सुया

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आमच्या लिफ्टमध्ये बायकांचा एकच प्रश्न असतो, "यंदा काय लुटणार?" घरी बोलावून, हळदीकुंकू लावून, हातात वस्तू ठेवायची आणि त्याला म्हणायचं लुटणं! मला हा शब्द फार आवडतो. लुटलेल्या वस्तू ठेवायच्या कुठे, एवढंच काय ते कोडं.

माझ्या ओट्याखालचा एक कप्पा पूर्ण वाणाचा आहे. चहाची गाळणी सहा. साबणदाण्या चार (घरात हात धुवायचा साबण बाटलीत आल्याला बरीच वर्षं झाली). झाकण एका बाजूने बसवलं की दुसऱ्या बाजूने उघडणारे डबे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि बायकांनी एकदिलाने कापडी पिशव्या लुटायला घेतल्या. त्या माझ्याकडे सतरा आहेत. भाजीला जाताना मात्र मी ती जुनी, बंद तुटलेलीच घेऊन जाते.

ब्लाउजपिसांची पिशवी निराळी. ओटीत पूर्वी खण असे, आणि एका खणात एक चोळी बेतायची, म्हणजे ती ओटी अंगाला लागायची. आताचा पीस ऐंशी सेंटिमीटरचा, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत आणायच्या तर शिंपी मान हलवतो. त्यामुळे तो शिवायचा नसतोच, फिरवायचा असतो. स्टीलच्या भांड्यांवर दुकानातच नाव घालून घ्यायची पद्धत होती, ती मला लहानपणी हास्यास्पद वाटे. आता वाटतं, निदान ते भांडं पुढे ढकलता तरी येत नव्हतं.

गंमत म्हणजे या सणाचं मूळ वाण घरात उरायचंच नाही. सुगडात काय, तर हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, बोरं, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ. चार दिवसांत पोरं सगळं फस्त करत. राहता राहिलं सुगड, म्हणजे मातीचं बोळकं, तेही यथावकाश फुटे.

लोकांना नावं ठेवते आहे, पण तीन वर्षांपूर्वी मी स्वतः प्लास्टिकचे मोबाइल स्टँड लुटले. घाऊक बाजारात बावीस रुपयांना एक. वाण ठरवताना आपला हिशेब पक्का असतो: चाळीस बायका, तीस रुपयांच्या आत, आणि दिसायला मोठं. त्यात चाळीस हा आकडा असतो, चाळिसांतली एकही बाई नसते. माझ्या स्टँडांपैकी एक पुढच्या वर्षी दुसऱ्या विंगमधून मलाच मिळाला. त्याचं मला काही वाटलं नाही. मीही तो खूप छान आहे म्हणून घेतला.

गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या काकूंनी हळदीकुंकू केलं. काकू अठ्ठ्याहत्तरच्या, बोलावणं पंधराच जणींना, त्यात बावन्न वर्षांची मी सगळ्यात लहान. वाण म्हणून त्यांनी हातात एक घडी ठेवली, जुन्या शालीचा पंजाएवढा तुकडा, कडेने टाके घातलेला. उघडली तर आत ओळीने दहा सुया टोचलेल्या आणि प्रत्येकीत दोरा ओवलेला. दोन पांढरे, दोन काळे, मग लाल, बदामी, निळा, हिरवा, राखाडी आणि जांभळा. दोरा हातभर लांब, शेवटी गाठ मारलेली, आणि गुंता होऊ नये म्हणून सुईभोवती इंग्रजी आठासारखा गुंडाळलेला.

खोलीत क्षणभर कुणी बोलेना. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

साडीचा फॉल सुटणं, ब्लाउजचं हूक हातात येणं, हे नेमकं बाहेर पडताना होतं. शिवायला दोन मिनिटं लागतात. पण त्याआधी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, खिडकीपाशी जायचं, चष्मा वर, चष्मा खाली, आणि सुईच्या नेढ्याशेजारच्या हवेत दोरा ओवत बसायचं. शेवटी सेफ्टी पिन लावायची. त्या खोलीतल्या निम्म्या जणींच्या पदराआड त्या वेळीही पिना असणार. माझ्या होत्याच.

"अहो, पण तिन्हीसांजेला सुई देतात का कुणी?" एक आजी म्हणाल्याच.

"म्हणून तर तुम्हाला चारला बोलावलं," काकू म्हणाल्या.

दीडशे सुया सहावीतल्या नातवाने ओवल्या होत्या, दहाला एक रुपया या दराने. काकूंनी फक्त गाठी मारल्या. सुया आणि दोरे मिळून खर्च माझ्या स्टँडांच्या पासंगालाही पुरला नसता. माझ्या डोक्यात मात्र पैशांपेक्षा दुसरंच घोळत होतं. काकूंना ही गोष्ट कुणी सांगितली असेल? कुणीच नाही. दोरा ओवता येत नाही, हे आपण सांगत नाही. गुडघे दुखतात हे अख्ख्या सोसायटीला सांगतो.

होळीच्या आधी विरजण संपलं म्हणून वाटी घेऊन मी काकूंकडे गेले, तर हॉलमध्ये दोन आज्या शालीच्या घड्या मांडीवर घेऊन बसलेल्या आणि नातू मधोमध, जीभ बाहेर काढून, दोरे ओवतोय.

"भरून घ्यायला आलोय," त्यातली एक म्हणाली, गॅसचं सिलिंडर भरून घ्यावं तशी.

मी विरजणाची वाटी तिथेच ठेवली, वर जाऊन माझी घडी घेऊन आले. माझ्या चारच रिकाम्या झाल्या होत्या, दोन्ही काळ्या आणि दोन्ही पांढऱ्या.

"दर वाढलाय," नातू वर न बघता म्हणाला. "दहाला दोन रुपये."

"माझ्या चारच आहेत रे."

त्याने सुई टोचून ठेवली आणि बोटांवर हिशेब करू लागला.